सेनेटरचा सौदा

"त्या गाढवाला तरी विका, नाहीतर मला माहेरी सोडून या!" नूला ओरडली आणि हातातली ओली वीट तिनं अशी आपटली की शेजारची उभी केलेली रास ढासळली.

सासरा, म्हातारा मॅलकी, कमरेत वाकून टर्फ उभी करत होता. दलदलीतनं कापून काढलेल्या मातीच्या त्या काळ्या विटा. चार-पाच एकमेकींना टेकवून ठेवायच्या, वाऱ्यानं वाळवायच्या आणि हिवाळाभर चुलीत जाळायच्या. पण यंदा वाऱ्याबरोबर पाऊसही मुक्कामाला आला होता. धो-धो नव्हे. नुसता बारीक, ओलसर, मिशांवर येऊन बसणारा. विटा एका अंगानं वाळायच्या आणि दुसऱ्या अंगानं भिजायच्या.

"माहेर लांब हाय तुझं," मॅलकी मान वर न करता म्हणाला. "आन् सेनेटरनं तुझं काय घोडं मारलंय?"

सेनेटर म्हणजे गाढव. नाव मॅलकीनंच ठेवलेलं. त्याचं म्हणणं असं, की हा गडी काम काडीचं करत नाही, पण एकदा बोलायला उभा राहिला की त्याला थांबवायची कुणाची छाती होत नाही.

"काय केलंय? बाबा, ओरन दीड वर्षाचा झाला. एक शब्द बोलत नाही. गुरुवारी नर्सबाई येणार, विचारणार, किती शब्द बोलतो? काय सांगू मी?"

"सांग की, इचार करतोय म्हनून."

ओरन पोत्यावर बसून टर्फचा तुकडा चघळत होता. नूलानं तो काढून घेतला, त्याचं तोंड पदरासारख्या लांब स्कार्फच्या टोकानं पुसलं आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिनं पुस्तकं वाचली होती. मुलाच्या डोळ्यांत बघून, शांत जागी, हळू बोलावं, असं त्यांत लिहिलं होतं.

"बोल, ओरन. बोल बाळा. मा..."

"ईऽऽ-ऑऽऽ! ईऽऽ-ऑऽऽ! ईऽऽ-ऑऽऽ... ऑक."

कुंपणापाशी सेनेटरनं भाषण सुरू केलं होतं. नूलानं डोळे मिटून घेतले. हे रोजचंच. तिनं 'बोल' म्हणायचा अवकाश, की हा बोलायचा. नवरा ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर, सासरा सेनेटरच्या बाजूचा, आणि पोराच्या कानांवर माणसाचा आवाज म्हणून पडत नव्हता. शेजारच्या गावातलं याच वयाचं पोर 'ट्रॅक्टर' म्हणायला लागलं होतं. ट्रॅक्टर! जोडाक्षर!

एवढ्यात रस्त्यावर एक पांढरी, चिमुकली गाडी थांबली. तिच्यातनं आधी जार्लाथ उतरला आणि मग डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीण म्हणजे औषधवाली नव्हे. आनेग्रेट तिचं नाव, मूळची जर्मन, इथल्या विद्यापीठात पर्यावरणाचं आणि शेतीचं अर्थशास्त्र शिकवायची. ज्या गोष्टी बाजारात विकल्या जात नाहीत त्यांचं लोकांना मोल किती वाटतं, हे ती घरोघर विचारत फिरत होती. दलदलीतल्या कुरव पक्ष्याची शीळ, दगडी कुंपणं, जुनी जनावरं. घरोघर तिला चहा मिळाला, मनुकांचा केक मिळाला, उत्तर मात्र एकाही घरात मिळालं नाही. कुरवाची शीळ पुन्हा कधी ऐकू आली नाही तर काय भरपाई घ्याल, असं एका आजीला विचारलं, तर आजी घाबरून म्हणाली, "का हो? आजारी हाय का तो?"

दलदलीच्या पलीकडे जार्लाथकडे ती खोली घेऊन राहिली होती. हा जार्लाथ तरुणपणी जनावरांच्या जत्रांत मध्यस्थ होता. घेणारा आणि देणारा एकमेकांकडे पाठ करून निघाले की दोघांच्या कोटाला धरून परत आणायचं, हातावर हात मारून घ्यायचा, सौदा पक्का. पुढे जत्रा बंद झाल्या, भोंगा लावून लिलाव सुरू झाले आणि जार्लाथचे हात तेव्हापासून शिवशिवत होते.

डॉक्टरीणबाई चिखल चुकवत आली. सेनेटरकडे बघून तिचा चेहरा उजळला.

"आजोबा, समजा, हे गाढव तुमच्याकडे नसतं. तर आत्ता आहे तेवढंच समाधान तुम्हाला वाटावं म्हणून किती रक्कम द्यावी लागेल?"

सकाळपासून पहिल्यांदाच मॅलकीची कंबर सरळ झाली. या मुलखात दुसऱ्याच्या जनावराची किंमत कुणी उगीच विचारत नाही.

"तुमी किती देताय?"

"मी? मी नाही देणार. मी फक्त विचारते आहे."

"सगळी तसंच म्हनत्यात," मॅलकी म्हणाला.

जार्लाथ टोपी मागे सारत पुढे झाला. "घ्यायचं न्हाय म्हनती, म्हंजी बाई जानकार दिसती!"

नूलाला सगळं कळत होतं. शहरात राहून तिनं पदवी घेतली होती, या विषयाचा एक पेपरही दिला होता. बाई घ्यायला आलेली नाही, नुसतं मनातलं मोल विचारते आहे, एवढं एक वाक्य तिनं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. वाक्य जिभेवर आलंही. मग तिनं ओरनकडे बघितलं, सेनेटरकडे बघितलं, आणि तोंड मिटून ती विटा रचायला लागली.

"बरं, समजा शंभर युरो?" डॉक्टरीणबाईनं चाचरत विचारलं.

"शंभर?" मॅलकी आभाळाकडे बघून म्हणाला. "शंभर त्याच्या शेपटीचं. चारशे."

डॉक्टरीणबाईला आनंद मावेना. पंधरवड्यात पहिल्यांदा कुणी आकडा बोललं होतं! "चारशे जास्त वाटतात. दीडशे म्हटलं तर?"

मॅलकी पाठ फिरवून तरातरा दलदलीत चालू लागला.

"ते रागावले का?"

"छ्या! झ्याक चाललंय!" जार्लाथ त्याच्यामागे पळत ओरडला. कोटाला धरून त्यानं म्हाताऱ्याला ओढत आणलं, वाटेत सेनेटरचा ओठ वर करून बाईला दात दाखवले, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून म्हणाला, "आता मधलं तोडा आन् मोकळं व्हा."

"म्हणजे सरासरी?" बाई म्हणाली. "चालेल की. सरासरी मला फार आवडते."

जार्लाथ तळहातावर थुंकला. बाईचं मनगट धरलं, मॅलकीचं मनगट धरलं आणि चटाक! हातावर हात पडला. आभार मानायची ही इथली रीत असावी असं वाटून बाईनं तो ओला हात प्रेमानं हलवलासुद्धा.

मॅलकीचा चेहरा एकदम उतरला. घासाघीस रंगली होती, तो रंगात आला होता. गाढव विकायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण हात पडला होता. त्यानं कुंपणाची दोरी सोडली आणि बाईच्या हातात दिली.

"न्या."

"कुठे?"

"ते तुमी ठरवा. तुमचं हाय आता."

"अहो पण... मी 'समजा' म्हणाले होते!"

"सौदा सुरू कशानंबी व्हऊ दे," जार्लाथ गंभीरपणे म्हणाला. "हात मारला न्हवं? आता इद्यापीठ मागं सरलं, तर या भागात तुमाला कुनी दार उघडायचं न्हाय."

बाईनं दोरीकडे बघितलं, गाढवाकडे बघितलं, आपल्या चिमुकल्या गाडीकडे बघितलं. मग मुकाट्यानं पाकीट काढलं. मॅलकीनं रीतीप्रमाणे त्यातली एक नोट शकुनाची म्हणून तिला परत दिली. ती देताना त्याचं नाक लाल झालं होतं. सेनेटर जार्लाथच्या ट्रेलरमधनं दलदलीपलीकडे गेला. जाताना जार्लाथनं बाईला सांगितलं, गाढवाच्या नाश्त्याचे वेगळे पडतील.

दुसऱ्या दिवशी घरात कशी शांतता होती! मॅलकी टोपी मांडीवर घेऊन चुलीकडे बघत बसला होता. लापशी तशीच गार झालेली. नूलाच्या मनात चुकचुकलं, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. नर्सबाईची फेरी उद्यावर आली होती. नूलानं ओरनला मांडीवर घेतलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हळू, गोड आवाजात म्हणाली, "बोल, ओरन. बोल बाळा."

ओरननं दाराकडे बघितलं. वाट पाहिली. दाराबाहेरनं काहीच आलं नाही. तेव्हा तो मांडीवरनं घसरला, डुलत डुलत नुसती खालची फळी लावलेल्या अर्ध्या दारापाशी गेला, फळी घट्ट धरली, मान लांब केली आणि छाती भरून श्वास घेतला.

"ईऽऽ-ऑऽऽ! ईऽऽ-ऑऽऽ! ईऽऽ-ऑऽऽ... ऑक."

शेवटच्या त्या उचकीसकट.

मॅलकीच्या मांडीवरची टोपी खाली पडली. आणि दलदलीच्या पलीकडनं, धुक्यातनं, उत्तर आलं.

"बोलला!" म्हातारा उभा राहिला. "पोरी, बोलला की गं!"

"हे बोलणं आहे?" नूला रडकुंडीला आली.

"सबंद भाशान केलं त्यानं. आजून काय पायजे?"

नूलाला आत्ता उमगलं. गेले कित्येक महिने ती 'बोल' म्हणायची आणि लगेच तो आवाज यायचा. पोरानं सगळं नीट ऐकलं होतं. आई 'बोल' म्हणाली की काय बोलायचं असतं, ते त्याला चोख पाठ झालं होतं. रोज उत्तर देणारा आज गैरहजर, म्हणून बिचाऱ्यानं स्वतः दिलं.

आणि मग तो थांबेना. जेवणाच्या घासाला ईऽऽ-ऑऽऽ, झोपवताना ईऽऽ-ऑऽऽ. पलीकडनं सेनेटरचं उत्तर, इकडनं याचं प्रत्युत्तर. दुपार कलली तशी नूलानं त्याला बाबागाडीत घातलं आणि पावसातनं दलदलीला वळसा घालून जार्लाथच्या अंगणात गेली. मागनं मॅलकी, टोपी उलटी घालून.

डॉक्टरीणबाई पायरीवर बसली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

"बाई, गाढव परत द्या," नूला म्हणाली.

बाईनं तिच्याकडे बघितलं. जार्लाथकडे बघितलं. मग सावकाश उठली, पाठ फिरवली आणि शेणाच्या ढिगाकडे तरातरा चालू लागली.

जार्लाथच्या डोळ्यांत पाणीच आलं. "शिकली!" तो पुटपुटला. "दोन दिवसांत शिकली!" आणि कोटाला धरून तिला परत घेऊन आला.

"काल तुम्हाला सगळं कळत होतं," बाई नूलाला म्हणाली. "मी काय विचारते आहे ते तुम्हाला एकटीला कळत होतं. आणि तुम्ही विटा रचत होतात."

नूलाची मान खाली गेली. "हो."

"माझे पैसे परत. शिवाय तुम्ही माझ्याबरोबर प्रत्येक घरी यायचं आणि लोकांना सांगायचं, की समजा म्हणजे नुसतं समजा."

"प्रत्येक घरी? पोर लहान आहे माझं. निम्म्या घरी."

"मधलं तोडा!" जार्लाथ गरजला आणि थुंकलासुद्धा.

चटाक! बाबागाडीत ओरननं टाळ्या पिटल्या आणि भाषण केलं. गोठ्यातनं सेनेटरनं अनुमोदन दिलं.

"आता शास्त्रासाठी एकच सांगा," बाई पेन काढत म्हणाली. "गाढव जावं म्हणून काल तुम्ही किती दिलं असतं?"

"घरात होतं नव्हतं ते."

"आणि आज परत यावं म्हणून?"

"तेवढंच."

"म्हणजे बेरीज शून्य," बाई खूश होऊन म्हणाली.

"शून्य?" मॅलकी सेनेटरचे कान आपल्या दोन्ही हातांनी झाकत म्हणाला. "हळू बोला की, बाई. त्याला ऐकू जातंय."

गुरुवारी नर्सबाई आली. चुलीपाशी डॉक्टरीणबाई चहा पीत बसली होती, आज नूलाला घेऊन पहिलं घर करायचं होतं. कोपऱ्यात जार्लाथ, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नर्सबाईनं ओरनचे कान बघितले, घसा बघितला आणि विचारलं, "शब्द किती बोलतो?"

नूला ओरनची कॉलर उगीचच सारखी करायला लागली.

"एकच," मॅलकी म्हणाला. "पन मैलभर जातो. पोरी, म्हन त्याला."

नूलानं डोळे मिटले. "बोल, ओरन."

ओरन बोलला. बाहेरनं सेनेटर बोलला. ओरन थांबून ऐकत राहिला, मग पुन्हा बोलला. नर्सबाईचं पेन हवेत तसंच राहिलं.

"दुसरा बोलतो तोवर हा थांबतो?"

"दर बारीला," मॅलकी म्हणाला.

"ऐकतो, थांबतो, मग उत्तर देतो," नर्सबाई म्हणाली. "अहो, आमच्या ऑफिसात हे कुणाला जमत नाही. कान उत्तम, घसा उत्तम. पोर ठणठणीत आहे तुमचं. बाकीचे शब्द येतील आपोआप."

नूलाला हसू आलं की रडू, तिचं तिला कळलं नाही. तिनं ओरनला उचलून असं आवळलं की तो गुदमरून "मा" म्हणाला. निदान तिनं तरी तसंच ऐकलं.

नर्सबाई बॅग उचलून दारात गेली. सेनेटरनं अर्ध्या दारावरनं मान आत घातली होती. तिनं त्याचं कपाळ खाजवलं.

"गोड आहे हो गाढव. समजा, एखाद्यानं..."

"बाई!" नूला पोरासकट मध्ये धावली. "तेवढं म्हणू नका!"

कोपऱ्यात जार्लाथ केव्हाच तळहातावर थुंकला होता.