तुंबवलेली कास

“हात सोडा माझा. ती हंबरतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?”

बायको बादली गुडघ्यांत धरून भुरीच्या कुशीला बसली होती आणि नवऱ्यानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. संध्याकाळची वेळ. बाकीच्या चारी गाईंच्या धारा काढून झाल्या होत्या, राहिली होती ती भुरी. ती आपली मान वळवून वळवून मागं बघत होती, की आज नेमके माझ्याच पाळीला हे दोघं का भांडत बसलेत.

“आज काढायची नाही,” नवरा म्हणाला. “उद्या सकाळीही नाही.”

“का म्हणून?”

उत्तर दिलं ते गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या बायकोच्या भावानं. “अगं ताई, उद्या बाजार ना! कास तटतटून भरलेली दिसली की गिऱ्हाईक आपोआप थांबतं. सगळेच करतात. त्यात काय एवढं?”

“सगळे करतात. हे करत नाहीत,” बायको म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. नवऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

आता तिचं बोलणं खोटं नव्हतं. या माणसाला सगळे पारखी म्हणायचे. गुरांच्या बाजारात गाय घ्यायची झाली की लोक आधी त्याला शोधायचे आणि मग गाईला. तो पाठीवरून हात फिरवायचा, खुर उचलून बघायचा, एकेक सड दाबून बघायचा आणि जे असेल ते तोंडावर सांगायचा. ‘हिला घेऊ नका, हिची कास तुंबवलीय. कातडी बघा कशी चकाकतेय. सड बाहेरच्या अंगाला फाकलेत. आपोआप ठिबकतंय बघा.’ विकणारे शिव्या घालायचे, घेणारे हात जोडायचे. वीस वर्षं हे चाललं होतं आणि त्यासाठी त्यानं कुणाकडून चहापलीकडे काही घेतलं नव्हतं.

पण यंदा वैरण होती चार गाईंपुरती आणि दावणीला गाई होत्या पाच. एक विकायची हे ठरलेलं. भुरी दहा लिटरवरून सहावर आली होती, दोन्ही वेळचं मिळून. खरं सांगून विकायला गेलं तर तिला दावणीला बांधायला कुणी घेतलं नसतं, घेतलं असतं ते ट्रकवाल्यानं. आणि ट्रकवाल्यानं नेलेली गाय पुन्हा कुणाच्या गोठ्यात दिसल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी तर तिचा जीव वाचवतोय, असं पारखी स्वतःला समजावत होता. माणसाला शेण खायचं असलं ना, की असली कारणं त्याला बरोब्बर सापडतात. कारण खरंही होतं, हीच तर पंचाईत.

“मग बसा तुम्हीच तिच्याजवळ,” बायको बादली आपटून उठली. “मला नाही ऐकवत.”

भुरी हंबरत राहिली. घरात मेहुण्यानं दोनदा वाढून घेतलं, पारख्यानं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. मधे उठून तो गोठ्यात गेला. भुरीला वाटलं धार काढायला आला. ती मागचे पाय फाकवून शहाण्यासारखी उभी राहिली. तो तसाच माघारी आला.

सकाळी बाजाराच्या वाटेवर मेहुणा म्हणाला, “दाजी, एक सांगू? तुम्ही गाईजवळ थांबूच नका. कुणी विचारलं तर खरं बोलून मोकळे व्हाल आणि सगळं मुसळ केरात. मी धरतो दावं. तुम्ही आपले टपरीवर चहा पीत बसा.”

पारख्याला हे ऐकून हायसं वाटलं. आपल्याला खोटं बोलावं लागणार नाही, बोलेल तो मेहुणा! इतकं साधं होतं ते. टपरीवर जाऊन त्यानं पाठ बाजाराकडे करून बाक धरला.

दुसरा चहा अर्धा झाला असेल-नसेल, मागून आवाज आला, “भाऊ, पारखी म्हणतात ते तुम्हीच का?”

पन्नाशीची बाई होती. जाड भिंगांचा चष्मा. कडेवर मूल धरावं तशी पिशवी घट्ट धरलेली. शेजारच्या गावात शिवणकाम करायची म्हणाली. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून शिलाई मशीन विकलं आणि आता एक गाय घ्यायची होती. “गुरातलं मला ओ की ठो कळत नाही. चार जणांना विचारलं, चारी जण म्हणाले पारख्याला विचार, तो फसवणार नाही. एवढं काम करा भाऊ माझं.”

नाही कसं म्हणायचं? तो उठला. पहिली गाय बघितली, तिचा पुढचा खूर किडका होता, त्यानं सांगितलं. दुसरी लाथाडी निघाली, तेही सांगितलं. बाई खूश. “बघा, मी तर हीच घेणार होते!” आणि मग ती म्हणाली, “आता ती तिकडची. मघाशी बघून आलेय. मला मनातून तीच आवडलीय.”

लिंबाखाली मेहुणा भुरीचं दावं धरून उभा होता.

पारखी दोन पावलं मागंच थांबला. भुरीनं त्याला लांबूनच ओळखलं आणि दाव्याला हिसका देऊन हंबरली. “भुकेजलीय हो,” मेहुणा घाईघाईनं म्हणाला आणि पारख्याकडे असं बघितलं जणू जन्मात पहिल्यांदाच बघतोय. मग बाईला म्हणाला, “काढून दाखवतो धार, पाहिजे तर. बघा तुमच्या डोळ्यांनी.”

तो बसला आणि बादली खणखणायला लागली. आधी तळ वाजला, मग फेस चढला. भुरीनं एवढ्या तासांचं सगळं सोडून दिलं, जीव हलका झाल्यासारखी डोळे मिटून उभी राहिली. बादली गळ्यापर्यंत आली. बाई तोंडावर हात ठेवून बघत होती.

“भाऊ, कशी आहे?”

पारख्यानं भुरीच्या पाठीवरून हात फिरवला. काय बोलायचं हे वीस वर्षं त्याच्या जिभेवर बसलेलं होतं. हिला घेऊ नका, हिची कास तुंबवलीय. एवढं एकच वाक्य. त्याऐवजी तो म्हणाला, “स्वभावानं गरीब आहे. लाथ मारणार नाही. खुर चांगलेत. आजार काही नाही.”

सगळं खरं होतं. एकेक शब्द खरा.

“आणि दूध?”

“ते काय,” पारखी बादलीकडे बघत म्हणाला, “समोरच आहे की.”

बाईनं पिशवीतून पैसे काढले. जाताना पारख्याच्या चहाचे पैसे टपरीवाल्याला देऊन गेली, आणि हे त्याला मागाहून कळलं. मेहुणा वाटेत गाणं गुणगुणत होता. पारख्यानं त्याला सांगितलं, “परत माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.” मेहुण्याला वाटलं दाजी चेष्टा करतायत, तो खो खो हसला. त्याचं तरी काय चुकलं? बोलला होता तो पारखी, मेहुण्यानं नुसतं दावं धरलं होतं.

घरी बायकोनं एवढंच विचारलं, “कुणी घेतली?”

“एका बाईनं.”

“बरी आहे का?”

“बरी आहे.”

पुढं तिनं काही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलंही नाही. त्याला वाटलं, गेलं ते गेलं, आठ दिवसांत विसरू.

आठ दिवसांनी ती बाई दारात उभी. पारखी ओसरीत दावं वळत बसला होता. तिला बघून त्यानं दावं खाली ठेवलं. आली भांडायला. आता चारचौघांत तोंडात शेण घालणार. घालू दे, असंही वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

पण बाई भांडायला आलीच नव्हती. हातात हात गुंफून अपराध्यासारखी उभी होती.

“भाऊ, गाय सोन्यासारखी दिलीत हो तुम्ही. माझ्याच हातात काही नाही बघा. बाजारात एवढी बादली भरली, आणि माझ्याकडे एका वेळेला तीन लिटर. दूध संकलनवाला हसतो मला. म्हणतो, बाई, गाय दूध चोरते तुमच्याकडून, तुम्हाला धार काढता येत नाही. खरंच असेल ते. जन्म गेला सुई धरण्यात.” तिनं हात पुढं केले. बोटं सुजलेली, अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोललेलं. “दोन्ही वेळा तासतास बसते तिच्याखाली. ती बिचारी उभी राहते. वहिनींनी दोन दिवस हात धरून शिकवलं तर येईल मला. शिकवतील का?”

बायको आतून बाहेर आली होती. तिनं बाईचे हात बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं. गाय कुणी घेतली, कुणाच्या शब्दावर घेतली, हे तिला त्या एका घटकेत कळलं. “बसा,” म्हणाली, “तेल कोमट करून आणते हातांना,” आणि आत गेली. नवऱ्यासाठी तिनं एक शब्द मागं ठेवला नाही.

पारख्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईनं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं त्याला.

“बाई, तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “गायच तेवढं देते. सहा लिटर, दोन्ही वेळचं मिळून.”

“नाही हो! मी बघितलं ना डोळ्यांनी.”

“आदल्या संध्याकाळची धार काढली नव्हती. सकाळचीही नाही. तुम्ही बघितलंत ते सगळं साठलेलं.”

“मग त्या विकणाऱ्यानं तुम्हालाही फसवलं म्हणायचं!” बाई कळवळून म्हणाली. “मेला, तरी मला वाटलंच, डोळ्याला डोळा देत नव्हता. तुम्ही नका मनाला लावून घेऊ भाऊ.”

आता काय करावं माणसानं? ती त्याचीच समजूत काढायला लागली होती. अजूनही वाट मोकळी होती. मेहुण्याच्या गळ्यात सगळं घालायचं, मान हलवायची, झालं. पारख्याला ती वाट दिसली, खोटं कशाला बोला.

“गाय माझी होती,” तो म्हणाला. “तो माझा मेहुणा. धार मी काढू दिली नाही.”

बाई हसली. “काहीतरीच काय!”

“तिच्या मागच्या डाव्या सडाशेजारी काळा तीळ आहे. तुम्ही बसलात की ती आधी शेपटी उजवीकडे घेते. भुरी म्हणून हाक मारा, कान टवकारेल.”

बाईचं हसू गेलं. ती आपले हात उलटेपालटे करून बघायला लागली. बायको तेलाची वाटी घेऊन आली आणि शेजारी बसून तिची बोटं चोळायला लागली.

“म्हणजे मला येते धार काढता,” बाई शेवटी म्हणाली. ती हे पारख्याला म्हणाली नाही, बायकोला म्हणाली. “आठ दिवस मी या हातांना शिव्या देतेय.”

“येते हो. चांगली येते,” बायको म्हणाली.

पारख्यानं आतून पैसे आणून तिच्यापुढं ठेवले, होते तसे सगळे. संध्याकाळी जाऊन भुरीला घेऊन आला. पाच तोंडं आणि चौघींची वैरण, जे व्हायचं ते होईल. बायकोनं त्या दिवशी भुरीची धार काढली, पण नवऱ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या बाजाराला तो जाणारच नव्हता. पण बाई सकाळीच दारात आली. “चला,” म्हणाली.

“मला कशाला नेता आता?”

“गुरातलं तुम्हालाच कळतं. ते काही खोटं नव्हतं.”

भाऊ म्हणाली नाही. तो मुकाट्यानं मागं मागं गेला. बाजारात त्यानं त्या दिवशी जेवढ्या गाई बघितल्या तेवढ्या जन्मात बघितल्या नसतील. दुपार टळली तेव्हा एक काळी गाय सापडली. त्यानं खुर बघितले, दात बघितले, कास दाबून बघितली, चारी सडांची धार तळहातावर घेऊन बघितली. विकणाऱ्याला सकाळी धार किती वाजता काढली ते तीनदा विचारलं. मग म्हणाला, “ही घ्या बाई. आठ लिटर देईल. यात खोट नाही.”

बाईनं मान हलवली आणि पैशाची पिशवी तशीच काखेत धरून पलीकडे गेली. तिथं आपली वासरं विकायला बसलेला एक म्हातारा शेतकरी होता, त्याला तिनं बोलावून आणलं. “बाबा, जरा ही गाय बघून सांगता का? कास तुंबवलीय की काय, तेवढंच बघा.”

म्हाताऱ्यानं गाईकडे बघितलंच नाही. बघितलं ते पारख्याकडे आणि तो मोकळं हसला. “अहो बाई, हे उभे असताना मला काय विचारता? वीस वर्षं बघतोय मी यांना. सगळा बाजार खोटं बोलेल, पण हा माणूस बोलायचा नाही.”

पारख्याच्या कानशिलांत जाळ उठला. आता ही सगळं सांगणार म्हणून तो मान खाली घालून थांबला. बाईनं सांगितलं नाही. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“असेल,” ती म्हणाली. “तरी तुम्ही बघाच.”

म्हातारा गोंधळला. पारखी बाजूला सरकला आणि त्याला वाकून बघायला जागा करून दिली.