तिच्या उंचीची सायकल

कवळीवाल्या काकांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान म्हणून, मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणून, मग नातीची शाळा म्हणून. नात आता आपल्या वेण्या आपण घालायला लागली होती. "काकू कधी येणार?" असं इमारतीत कुणी विचारलं की काका म्हणायचे, "येईल की. घर काय पळून चाललंय?" हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं.

काकांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे, काका त्यावर मेण चढवून दात बसवायचे, घासूनपुसून डबीतून परत धाडायचे. अर्ध्या गावाचे जबडे त्यांच्या हाताखालून गेले होते. रस्त्यात कुणी हसलं की दात ओळखीचे वाटायचे, माणूस नाही. पुढे यंत्रावर कवळ्या काढणारं मोठं दुकान निघालं आणि डब्या यायच्या बंद झाल्या.

अशात एकदा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईचे गुडघे फार धरलेत. डॉक्टर म्हणतात, सायकल चालवा."

"तिला येत नाही."

"काय सांगता! मला कधी बोलली नाही."

"शिकायची होती तिला. लग्नाआधी वडील नको म्हणाले. नंतर..." काका थांबले. नंतर कुणीच नको म्हटलं नव्हतं. राहून गेलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते चौकातल्या सायकलवाल्याकडे गेले. नव्या सायकली त्यांनी एकेक करून पाहिल्या आणि नाकारल्या. सगळ्या उंच. तिचे पाय जमिनीला नीट टेकायला हवेत, नाहीतर ती बसायचीच नाही. शेवटी मागच्या भिंतीवर टांगलेली एक जुनी लेडीज फ्रेम त्यांना दिसली. मधला दांडा पार खाली उतरलेला, गंज चढलेला.

"तो सांगाडा आहे नुसता," सायकलवाला म्हणाला. "बाकी सगळं नवं घालावं लागेल. ठेवून जा, देतो जोडून."

"नको. मी जोडतो. घरी."

"तुम्ही?"

"जन्मभर दात बसवले," काका म्हणाले. "आता दात्यांचं चाक बसवून बघतो."

सायकलवाला हसला. फ्रेमबरोबर त्यानं नवं सामान दिलं, कशाला कोणतं हत्यार लागतं ते नीट समजावलं आणि पान्हे, तारा आवळायची चावी, चेनची पिन काढायचं हत्यार असं सगळं एका पिशवीत घालून दिलं. "काम झालं की हत्यारं आणून द्या," म्हणाला. कानस, पक्कड आणि बारीक हातोडी काकांकडे होतीच.

स्वयंपाकघरात एकट्या माणसाला जागा कितीशी लागते? टेबल भिंतीला सरकवून काकांनी खाली जुनी चादर अंथरली. फ्रेम घासायलाच बरेच दिवस गेले. रंग कोणता द्यायचा, इथे गाडी अडली. तिला आवडणारा रंग त्यांना आठवेना. कपडे पाहावेत म्हणून त्यांनी तिचं कपाट उघडलं, तर आत राहिलेले सगळे कपडे तिला न आवडणारेच. आवडते ती घेऊन गेली होती. काकांनी कपाट लावून घेतलं. सायकलवाल्याकडे निळा शिल्लक होता, तो त्यांनी दिला.

चाकं मात्र त्यांनी मन लावून केली. तारा ओवल्या, फ्रेम उलटी करून चाक मागच्या चिमट्यात बसवलं आणि फिरवलं, तर रिम दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. तेव्हा त्यांना कवळीची युक्ती आठवली. रंगाचा कागद चावायला लावला की कोणता दात उंच आहे ते कळतं. त्यांनी चिमट्याला टेकवून खडू धरला आणि चाक फिरवलं. जिथे रिम बाहेर येत होती तिथे खडू उमटला. तिथल्या त्या बाजूच्या तारा ढिल्या करायच्या, पलीकडच्या बाजूच्या आवळायच्या. चाक सरळ फिरायला लागलं तेव्हा काकांनी "हे बघ!" म्हणून मान वर केली. समोर फ्रिज होता.

मग फ्रेमच्या तोंडात, जिथे हँडल फिरतं तिथे, छऱ्यांच्या लोखंडी वाट्या ठोकायची वेळ आली. त्या हातोडीशिवाय जाईनात. भर दुपारी घणघण सुरू झाली आणि थोड्याच वेळात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.

"काका, माझी रात्रपाळी असते हो! काय पाडताय काय?"

"पाडत नाही. सायकल जोडतोय."

सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. राग विसरून त्या चादरीपर्यंत चालत गेल्या. "कुणासाठी?"

"आमच्या हिच्यासाठी."

"काकू येणार आहेत?"

काका पुन्हा चादरीवर बसले. एका हातानं फ्रेम, दुसऱ्यानं लाकडाचा ठोकळा, आणि हातोडी काय तोंडात धरायची, असं त्यांचं चाललेलं पाहून सिस्टर खाली बसल्या. "आणा इकडे. मी फ्रेम धरते. पण चार ठोक्यांत आटपा, मला झोपायचंय."

त्यानंतर संध्याकाळी ड्यूटीवर निघण्याआधी त्या कधीमधी डोकावायला लागल्या. काका चहा टाकायचे. एक जण धरायला लागेल अशी कामं ते मागे ठेवायला लागले. ब्रेकची तार ओढताना कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा. चेन जोडताना दोन टोकं कुणीतरी जवळ आणायला हवीत. मडगार्डचा नट आवळताना पलीकडून पान्हा लावायला हवा.

एकदा पेडल धरता धरता सिस्टर म्हणाल्या, "काका, हे एकट्यानं झालं असतं की."

"झालं असतं," ते म्हणाले.

सिस्टरांनी पेडल सोडलं नाही. त्या दिवशी चहा पुन्हा झाला. पुढच्या महिन्यात त्यांना हॉस्पिटलजवळ खोली मिळाली आणि त्या राहायला गेल्या. निघताना त्या सांगायला वर आल्या. सायकल भिंतीला टेकून तयार उभी होती. सिस्टरांनी घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "आता मात्र तुम्हीच घेऊन जा. पार्सल करू नका."

काकांनी सायकल बसच्या टपावर बांधली आणि वाटेत बस थांबेल तिथे उतरून दोऱ्या तपासल्या.

लेकीच्या दारात ते सायकल घेऊन उभे राहिले तेव्हा बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. "अहो, हे काय? आणि कळवायचं तरी!"

"तुझ्यासाठी. घरी जोडली."

"घरी? कुठे, स्वयंपाकघरात? माझ्या ओट्याचं काय केलंत?"

माझ्या ओट्याचं, असं ती म्हणाली. तेवढ्यानं काकांना बरं वाटलं.

आत गेल्यावर त्यांना दिसलं की बाल्कनीत व्यायामाची सायकल कधीच आली होती. तिच्यावर टॉवेल वाळत होते. "जागच्या जागी काय चालवायचं?" बायको म्हणाली. "कंटाळा येतो."

संध्याकाळी ते दोघं मागच्या गल्लीत गेले. ती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. काकांनी मागून सीट धरली.

"सोडू नका हं."

"नाही सोडत."

"अहो, डगमगतेय!"

"ती नाही, तू डगमगतेस. समोर बघ."

गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, पुन्हा टोकापर्यंत. काकांना धाप लागली. तिसऱ्या दिवशी सीट आपोआप त्यांच्या हातातून पुढे निघून गेली. ती विजेच्या खांबापर्यंत गेली, उतरून वळली आणि तोंडभर हसली. कट्ट्यावर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सगळ्या तिला नावानं हाक मारत होत्या. काकांना त्यांतली एकही ठाऊक नव्हती.

हॉलमधल्या कॉटवर काकांचं अंथरूण होतं. सकाळी जावई त्यांना जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर जायचे. चौथ्या दिवशी काकांनी पिशवी भरली.

बायको शेजारी येऊन बसली. "राहा की अजून."

"तू येतेस का? थोडे दिवस?"

तिनं पदर नीट केला. "खोटं कशाला बोलू? तिथे आता मला करमायचं नाही हो. दिवसभर आपण दोघं काय बोलायचो, सांगा बरं?"

काकांनी आठवून पाहिलं. "तू बोलायचीस," ते म्हणाले. "मी साच्यात डोकं घालून असायचो."

"म्हणून रागावले नव्हते मी कधी."

"माहीत आहे."

तिनं वाटेसाठी डबा करून दिला आणि बसपर्यंत सोडायला आली. सायकल हातात धरून चालत आली आणि बस निघाल्यावर तिच्यावर बसूनच परत फिरली. काकांनी मागच्या काचेतून पाहिलं. आता ती डगमगत नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी चादर धुतली, टेबल जागेवर ओढलं, पान्ह्यांची पिशवी सायकलवाल्याला नेऊन दिली. "चालली का?" त्यानं विचारलं. "झकास," काका म्हणाले. आणखी काही सांगावंसं वाटत होतं, पण दुकानात गिऱ्हाईक आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लेकीकडे फोन लावला. नातीनं उचलला.

"आजी सायकलवर गेलीय, आजोबा. रोज जाते. थांबा हं, आईला बोलावते."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि बहुधा विसरली. काकांना पलीकडचं घर ऐकू येत होतं. नळ सुरू होता. भांडं घसरलं. कुणी कुणाला तरी "पाय पुसून आत ये" म्हणालं. नात कसलंसं गाणं पुटपुटत इकडून तिकडे गेली. काकांनी खुर्ची ओढली आणि कानाशी फोन धरून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं खरखर झाली आणि लेकीचा आवाज आला. "बाबा? अगंबाई, अजून लाइनवर आहात होय?"

"नाही गं," काका म्हणाले. "ठेवतच होतो."