काचेची सहा वेटोळी

गेल्या सोळा वर्षांत मुकादमांनी बांधलेल्या सामानातली एक बशीसुद्धा फुटली नव्हती, आणि त्यांच्या बायकोला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

ते काम करायचे त्या परदेशातल्या सामान हलवणाऱ्या कंपनीत निम्मी माणसं आपल्याकडची होती, आणि ती सगळी त्यांना मुकादमच म्हणायची. कुणाचा पियानो असो नाहीतर कुणाच्या सासूचा आरसा, मालक घाबराघुबरा होऊन खोलीत घुटमळायला लागला की मुकादम त्याच्या हातात चहा देऊन त्याला गॅलरीत नेऊन बसवायचे. "तुम्ही बघत बसलात की माझे हात आखडतात," म्हणायचे. मग सगळं बांधून झालं की एक खोका उचलायचा, कमरेइतक्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडून द्यायचा आणि मालक पांढराफटक पडला की खोका उघडून दाखवायचा. आत सगळं जिथल्या तिथे. हा खेळ त्यांनी शेकडो घरांत केला होता आणि एकदाही तोंडघशी पडले नव्हते.

घरी मात्र पिकतं तिथं विकत नाही. घरी त्यांना पाण्याचा पेला विसळायचीही मुभा नव्हती. ते मोरीकडे वळले की बायको पुढे व्हायची आणि पेला हातातून काढून घ्यायची.

बायकोचा धंदाच काचेचा. विद्यापीठाच्या कार्यशाळेत ती प्रयोगशाळांसाठी काचसामान घडवायची. ज्योतीवर नळी लाल करायची, दुसऱ्या टोकानं फुंकायचं, आणि पाहता पाहता त्या नळीचा चंबू व्हायचा. मुकादमांनी लग्नानंतर आठ दिवसांत तिचं नाव फुंकरबाई ठेवलं आणि ते दोन्हीकडच्या नातेवाइकांत असं चिकटलं की आता खरं नाव फक्त पासपोर्टवर उरलं होतं.

सोळा वर्षांपूर्वी दोघं या देशात आली तेव्हा फुंकरबाईंनी शिकाऊ असताना केलेलं पहिलं वेटोळं सोबत आणलं होतं. वाफेचं पाणी करायची ती नळी: बाहेर सरळ काच, तिच्या आत स्प्रिंगसारखं वळत गेलेलं काचेचं वेटोळं. त्यांच्या गुरूंनी ते सगळ्या वर्गाला फिरवून दाखवलं होतं. मुकादमांनी ते टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं, आणि वर कुकर ठेवला. इथे येऊन बॅग उघडली तर टॉवेलात काचेची साखर. फुंकरबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, चार भांडी आपटली असती, तर माणूस सुटला असता. पुढच्याच महिन्यात मुकादम सामानाच्या कंपनीत चिकटपट्ट्या ओढायला लागले, आणि का लागले ते त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, बायकोला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि काच हातात देणं वेगळं.

तर अशा या फुंकरबाईंना आता तिसऱ्याच एका देशातून बोलावणं आलं होतं. तिथल्या कार्यशाळेच्या प्रमुख म्हणून, निदान चार वर्षांसाठी. मुकादमांनी राजीनामा दिला आणि बायकोच्या मागे निघायची तयारी केली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उलट, न विचारता दहा जणांना सांगून झालं. शनिवारी विमान. त्याआधी गुरुवारी दुपारपर्यंत घरचं सामान जहाज कंपनीच्या गोदामात पोचवायचं, म्हणजे ते मायदेशी ताईंकडे जाईल.

ताई म्हणजे फुंकरबाईंची थोरली बहीण. दोघी ज्या शाळेत शिकल्या तिथेच आता ताई विज्ञान शिकवत होत्या. त्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, चाळीस मुलींत तीन परीक्षानळ्या आणि बाकी सगळं फळ्यावर खडूनं. वेटोळ्याच्या नळीचं चित्र तर ताई इतकं सुरेख काढायच्या की मुली परीक्षेत डोळे मिटून काढून येत. प्रत्यक्ष नळी एकीनंही पाहिली नव्हती. फुंकरबाईंनी गेली आठ वर्षं, साहेबांची परवानगी काढून, उरलेल्या काचेतून सुट्टीच्या दिवशी त्या शाळेसाठी सामान घडवलं होतं. चंचुपात्रं, शंकुपात्रं, नरसाळी, चंबू, परीक्षानळ्या. आणि सहा वेटोळी.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ती सगळी काच मांडली होती. फुंकरबाईंनी सहाही वेटोळी उचलून बाजूला, खिडकीत ठेवली.

"ही कुठे?" मुकादमांनी विचारलं.

"ही इथेच राहतील. इथल्या लॅबला देऊन टाकते. बाकीचं जाईल."

"का? ती का नाही जाणार?"

"पोचायची नाहीत."

मुकादमांना हे असं लागलं की हातातला पुठ्ठा खाली ठेवावा लागला. "अगं, मी लोकांची झुंबरं पोचवलीत."

"झुंबर वेगळं."

"मला एक तर बांधू दे. एकच."

फुंकरबाईंनी थोडा विचार केला. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी दोन वेटोळी काढली. एकाचा वेढा जरा तिरका, दुसऱ्याचं तोंड वाकडं; कार्यशाळेत बाद झालेली. त्यातलं एक त्यांनी टेबलावर ठेवलं. हातात दिलं नाही. "यावर करा काय करायचं ते."

मुकादमांनी बाह्या सरसावल्या. सोळा वर्षांची सगळी विद्या त्यांनी त्या एका नळीवर ओतली. आधी मऊ कागद, मग बुडबुड्यांचा कागद, मग नळीच्या मापानं कोरलेला फोम, वर पुन्हा फोम, आणि दुहेरी पुठ्ठ्याचा खोका. हलवून पाहिला. आत हूं की चूं नाही. मग त्यांनी खोका कमरेपर्यंत उचलला, बायकोकडे पाहिलं आणि सोडून दिला.

खोका उघडला. बाहेरची नळी धडधाकट, साधा चराही नाही. मुकादमांचा चेहरा फुलायला आणि फुंकरबाईंनी नळी जरा तिरकी करायला एकच गाठ पडली. आतलं वेटोळं वरच्या सांध्यापासून निखळून किणकिण करत खाली घसरलं.

मुकादम खुर्चीत बसले. त्यांना राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. "गच्च बांधलं होतं," ते म्हणाले. "जरासुद्धा हलत नव्हतं."

"तेच तर चुकलं. बशी गच्च बांधली की जगते. बशीच्या पोटात काही नसतं. इथे बाहेरच्या नळीला तुम्ही जखडलंत. खोका आपटला तशी ती जागच्या जागी थांबली, पण आतलं वेटोळं कसं थांबणार? ते जोरात झुललं आणि सगळा भार या एका सांध्यावर आला."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

हे मात्र खरं होतं. सोळा वर्षांत मुकादमांनी जगभरच्या वस्तू बांधल्या, पण ही काच मोडते कशी, हे घरातल्या घरात कधी विचारलं नव्हतं. लाज वाटायची. लाजेपोटी माणूस काय काय शिकायचं टाळतो, त्याची यादी करायला बसलं तर वही पुरायची नाही. मुकादम उठले, चपला घातल्या, इमारतीला एक फेरी मारून आले. आल्यावर त्यांनी चहा केला, दोन कप टेबलावर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाला गॅलरीत न धाडता समोर बसवलं.

"सांग. कुठं धरायचं आणि कुठं नाही."

फुंकरबाईंनी सांगितलं. मधे नाही धरायचं, दोन्ही टोकांच्या गळ्याशी धरायचं. वरचा सांधा सगळ्यात नाजूक, कारण तिथे काच दोनदा तापलेली असते. झटका नको, झटका सावकाश विरला पाहिजे. "मूल पाळण्यात झोपतं तेव्हा पाळण्याला धक्का लागला तर उठतं का?" त्या म्हणाल्या, आणि मुकादमांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

दोन दिवस ते घर म्हणजे सुताराचं दुकान झालं होतं. मुकादमांनी पट्ट्यांची लाकडी चौकट ठोकली. जुनी सुती चादर फाडून तिच्या छोट्या झोळ्या शिवल्या. झोळ्या चौकटीला कशानं टांगायच्या यावर त्यांनी मंगळवारची सकाळ घालवली. सुतळी ताठ, इलास्टिक फारच ढिलं. शेवटी खालच्या सायकलवाल्याकडून टाकाऊ ट्यूब आणल्या आणि त्यांच्या पट्ट्या कापल्या. रबर ताणलं जायचं, पण उसळायचं नाही. फुंकरबाई कार्यशाळेतून आल्या की बोटानं एकेक पट्टी ओढून बघायच्या आणि फक्त "हं" म्हणायच्या. हा "हं" मुकादमांनी साहेबांच्या शाबासकीपेक्षा जपून ठेवला.

बुधवारी दुपारी बाद झालेलं दुसरं वेटोळं झोळीत निजवलं, चौकट पेटीत बसवली, झाकण लावलं. मुकादमांनी पेटी उचलली. खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेकडो घरांत असं कधी झालं नव्हतं.

पेटी पडली. उघडली. वेटोळं शाबूत.

मुकादम काही बोलणार तोच फुंकरबाई म्हणाल्या, "खुर्चीवर चढा. तिथून टाका."

खुर्चीवरून टाकली. शाबूत.

"आता जिन्यावरून."

"अगं, जिन्यावरून कोण टाकतं?"

"बोटीवर काय तुमचे मेव्हणे आहेत उचलायला?"

दोघं पेटी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. मुकादमांची छाती होईना. तेव्हा फुंकरबाईंनीच पायानं पेटी ढकलली. धाड धाड करत पेटी अकरा पायऱ्या उतरली आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या दाराशी जाऊन थडकली. म्हातारी दार उघडून बाहेर आली. "काही पडलं का?"

"पडलं," मुकादम खाली धावत म्हणाले. "फुटलंय का तेवढं बघतो."

तिथेच पायरीवर बसून झाकण उघडलं. फुंकरबाईंनी वेटोळं काढलं, उजेडाकडे धरलं, वरच्या सांध्यावरून नख फिरवलं, खालच्या सांध्यावरून फिरवलं. मग त्या उठून वर गेल्या. मुकादमांना वाटलं, चिडली. जड पेटी खांद्यावर घेऊन ते वर आले तर फुंकरबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. सहातलं पहिलं वेटोळं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मुकादमांच्या हातात दिलं.

टेबलावर नाही ठेवलं. हातात दिलं. मुकादमांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

गुरुवारी अकरा वाजता पेट्या गोदामात पोचल्या. तिथला कारकून म्हणाला, "मालकानं स्वतः बांधलेलं दिसतंय. फुटलं तर आमची जबाबदारी नाही."

"नकोच," मुकादम म्हणाले. "माझी आहे."

नव्या देशात नवं घर लागलं, नवी कार्यशाळा सुरू झाली, आणि मुकादमांनी सात आठवडे दिवस मोजले. खोका पाडून बघणारा माणूस; पण हा खोका समुद्रावर होता आणि तो उघडून बघता येत नव्हता. रोज सकाळी ते जहाज कुठे आहे ते फोनवर पाहायचे. वादळाची बातमी आली तेव्हा दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. फुंकरबाईंनी एकदाही विषय काढला नाही. पण त्याही जेवत नव्हत्या, हे ताटावरून दिसत होतं.

एका शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी ताईंचा फोन आला. फुंकरबाईंनी तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"पेट्या शाळेतच उघडल्या," ताई म्हणाल्या. "मुलींसमोर. एकशे अठरा नग मोजले. त्यातलं एक चंचुपात्र फुटलं."

मुकादमांचा हात कपावर थबकला.

"ते मी फोडलं. आनंदाच्या भरात. ते जावईबापूंच्या खात्यावर नको."

"आणि वेटोळी?" फुंकरबाईंनी विचारलं.

ताईंनी फोन बाजूला ठेवला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मुलींची कुजबुज आली. "चंबू उकळतोय, नळ सोड गं," ताई कुणाला तरी म्हणाल्या. मग फोनमधून पाण्याची झुळझुळ ऐकू यायला लागली. गार पाणी वेटोळ्याच्या बाहेरून फिरत होतं, खालून वर, एक थेंबही न गळता. इकडे दोघं फोनला कान लावून बसली. बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं. मग चाळीस मुली एकदम ओरडल्या.

"पहिला थेंब पडला," ताई म्हणाल्या. "वाफेचं पाणी झालं. सहाही अशीच आहेत गं, मी एकेक लावून बघितलंय. आमच्या मुख्याध्यापकबाई इथेच उभ्या आहेत. त्या विचारतायत, कुठल्या कंपनीनं बांधलं? शेजारच्या शाळेलाही असं सामान हवंय."

फुंकरबाई फोनवर वाकल्या आणि शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कंपनी कसली? माझ्या नवऱ्यानं बांधलं. शेजारच्या शाळेला म्हणावं, काच मी फुंकीन. पोचवायचं काम ह्यांचं."

मुकादम उठले, दोघांच्या बशा आणि पेले उचलून मोरीकडे गेले. फुंकरबाई ताईंशी बोलत राहिल्या. मुकादमांनी नळ सोडला आणि एकेक पेला सावकाश विसळून पालथा घातला.