कांदा होता, पातेलं होतं, आता सगळं आवरलेलं आहे

मी एक तैलचित्र बोलतोय. नुसतं पुसलेलं टेबल दिसतंय ना माझ्यात? अहो, निघालात कुठे! काय काय होतं माझ्यात, ऐका तरी!

बुडाशी करपलेलं पातेलं, अर्धा कापलेला कांदा, लोण्याची उघडी वाटी, काठावर सुरी, अंड्याची टरफलं. घरच्याच स्वयंपाकघरातलं टेबल. पोरीनं खपून खपून इतकं हुबेहूब काढलेलं की कांद्यानं माझे डोळे चुरचुरायचे, आणि मला डोळेच नाहीत! तिच्या पहिल्या प्रदर्शनात जायचं होतं मला. भाव खात होतो नुसता.

मग आई आली बघायला.

"अगं, हे असं नेणार? चार लोक बघतील!"

"आई, चित्र आहे ते."

"चित्र आहे, पण टेबल आपलंच ना? लोकांना कळतं हो."

पोरगी हसली. आई हसली नाही, दिवसभर बोललीही नाही. शेवटी पोरीनं ब्रश घेतला आणि पातेलं घासलं. म्हणजे रंगवून चकचकीत केलं.

झालं! "लोण्यावर झाकण?" झाकण आलं. "सुरी काठावर? कुणाला लागली म्हणजे?" सुरी गेली. मावशी आली, "शी, कांदा उघडा?" कांदा गेला. बाबा नुसते पाणी प्यायला आलेले, तेही म्हणाले, "टरफलं टाक की कचऱ्यात." आता चित्रात कचऱ्याचा डबा कुठून आणायचा, सांगा! टरफलं रंगाखाली गेली, वाटी 'फ्रिजमध्ये' गेली, म्हणजे तीही रंगाखालीच. उरलं पातेलं. "घासलेलं भांडं टेबलावर कशाला? जागेवर ठेव ना."

पोरगी रडकुंडीला आली. "आता राहिलं काय यात?"

आईनं मला लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "आता कसं छान दिसतंय!"

आजवर पोरीच्या एकाही चित्राला आई छान म्हणाली नव्हती. पोरीनं नाक पुसलं आणि गुपचूप खाली सही केली.

आता मी प्रदर्शनाच्या या हॉलमध्ये लटकलोय. लोक विचारतात, "यात आहे काय?" आई ठसक्यात सांगते, "आवरलंय!"

पण आत्ताच ती शेजारच्या चित्रापाशी गेलीये. "पपई कापून अशीच ठेवलीत? चिलटं येतील हो!"

त्याचा चित्रकार चांगला दाढीवाला, मोठा माणूस. "हो काकू," म्हणाला आणि रंगांची पेटी उघडली!

हात जोडतो, सगळी कामं टाकून तिकडे धावा. पपई अजून आहे.