तळपायाची आग

पाळी जायच्या दिवसांत सुलेखाला घाम फुटायचा तो भर जानेवारीत. अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या त्या घराबाहेर गुडघाभर बर्फ, आणि ही बाई गळ्यापासून कानशिलांपर्यंत तापून निघायची. शनिवारी सकाळी असंच झालं. तिने बेडरूमची खिडकी उघडून गार वाऱ्यात तोंड धरलं. प्रल्हादने मागून येऊन तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला खाली आपटलं. मग बर्फातल्या जड बुटाची लाथ घोट्याच्या वर बसली.

"सगळं घर गारठवतेस? माज आलाय?"

हात उचलणं त्याचं जुनंच. नवीन होतं ते निमित्त. ओळखीपाळखीत तो आधीच पेरून ठेवायचा, "वय आहे ना तिचं, वहिनी. हल्ली काहीही मनात घेते. सांभाळून घ्या." चोर तो चोर, वर शिरजोर! त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुलेखाने जीव मुठीत धरून "हे मला मारतात" असं सांगितलं, तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि शतावरी कल्प, सब्जा, गुलकंद असं काय काय तिच्या पिशवीत भरलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तशी शतावरीने तिला बरी झोप लागे, सब्जाने जिवाला थंडावाही मिळे. पण लाथेवर गुलकंद चालत नाही. कुणा एकीने तरी आपलं खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी दुपारी शेजारच्या शोभाताई काशाची वाटी घेऊन आल्या. प्रल्हाद पुढे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होता, त्या मागच्या दाराने आल्या. वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये खाली बसकण मारून त्यांनी सुलेखाचे पाय मांडीवर घेतले आणि तळव्यांना तूप लावून वाटी घासायला लागल्या. घासता घासता तूप काळं झालं.

"बघ, केवढी उष्णता निघतेय अंगातून!" शोभाताई खूश. "अगंबाई, घोट्यापर्यंत आलीय की!"

त्यांनी तिची साडी जरा वर सरकवून तिथेही जोर लावला. सुलेखाने ओठ चावला. मग बेसन लावून, गरम फडक्याने त्यांनी पाय पुसले. तळवे थोडे उजळले. घोट्यावरचं काळंनिळं जागचं हललं नाही. शोभाताईंनी पुन्हा घासलं.

"ते उष्णतेचं नाही, शोभाताई. बुटाचं आहे."

शोभाताईंचा हात थांबला. "अगं, टेबलाला लागलं असेल. या वयात कळतही नाही."

सुलेखाच्या आतून तो ओळखीचा भपकारा वर चढत होता. ती उठली आणि तुपकट पावलांनी जाऊन तिने खिडकी उघडली. खाली प्रल्हादने मान वर केली आणि फावडं टाकलं. जिन्यावर बूट वाजले.

पलंगाआड कुणी बसलंय हे त्याला दिसलंच नाही. त्याने तिची वेणी धरली आणि कपाळ चौकटीवर हाणलं. एकदा, मग पुन्हा. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं.

"अहो, सोडा तिला! मरेल ती!" शोभाताई किंचाळल्या.

तो वळला. क्षणात चेहरा बदलला. वेणी मात्र हातातच. "वहिनी, तुम्ही? बघा ना, उडी मारायला निघाली होती. डोकंच ठिकाणावर नाही हिचं."

शोभाताई घाबरून वाटी छातीशी धरून उभ्या राहिल्या. सुलेखाने ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कानशिलावर मारली. वाटी खणकन वाजली. तिने परत मारली. प्रल्हाद गुडघ्यांवर आला, बोटांमधून रक्त गालिच्यावर ठिबकायला लागलं.

"वहिनी, पोलिसांना फोन करा!" तो ओरडला. "सांगा, हिला वेड लागलंय!"

शोभाताईंनी पलंगाशेजारचा फोन उचलला. घाईत दोनदा नंबर चुकला. सुलेखा वाटी घट्ट धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मात तिने कुणाच्या शब्दाची अशी वाट पाहिली नव्हती.

"प्लीज कम," शोभाताई म्हणाल्या. इंग्रजी त्यांना फारसं यायचं नाही. त्यांनी एकदा त्या घोट्याकडे बघितलं. "हजबंड बीट्स हर. येस. आय सॉ."