आ कर लेका

मोताळ्याच्या बाजारात सिंधूताई मिरची विकायच्या तेव्हा भाव पाडून मागायची कुणाची छाती नव्हती. बुलढाण्याच्या दवाखान्यात मात्र त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत पोचली, हेही डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खाटेशी उभं राहून सांगितलं ते पोराला, संघपालला.

"आजींना दुखतं का?" त्यांनी विचारलं तेही त्यालाच.

"थोडं थोडं, मॅडम."

शेवटी त्यानं ठरवूनही टाकलं. उद्या संभाजीनगरचा मोठा दवाखाना, जेवणासाठी नाकातून नळी. ते ऐकून सिंधूताईंच्या डोक्यात किडा वळवळला.

नर्स भांडं घेऊन आली. "आजी, लघवी लागली का?"

"माह्या पोराले विचारा. त्यालेच सारं ठाऊक असते."

सून मंजुश्रीनं चहात साखर किती विचारलं, तर तेच उत्तर. तिनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मग डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, तोंड उघडा."

"संघपाल, आ कर लेका."

गोंधळलेल्या संघपालनं खरंच आ केला. सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "बोला आजी. तुम्हाला काय हवंय?"

"नळीनं मी बरी होईन?"

बाईंची नजर संघपालकडे वळली.

"तिकडे नका पाहू."

"नाही, आजी. थोडे दिवस वाढतील कदाचित."

"मंग नळी नको, संभाजीनगर नको. दुखनं तेवढं थांबवा अन् मले घरी जाऊ द्या."

"माय, लोक काय म्हनतील?" संघपाल म्हणाला.

"लोकाईले माह्याकडे पाठव. जीभ शाबूत हाये अजून."

तो खाटेशी बसून लहान पोरासारखा रडू लागला. सिंधूताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "मले सोड असं थोडीच म्हनते बाप्पा? बस ना जवळ. फक्त मधात बोलू नको."

डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं औषध दिलं, कसं पाजायचं ते मंजुश्रीला शिकवलं. घरी सिंधूताईंनी एकदा शेवभाजी मागितली, बोटभर चाटली आणि तिखट कमी म्हणून नावं ठेवली. "माय, कूस बदलून देऊ?" संघपाल विचारायचा. कधी कधी त्या नुसतीच गंमत म्हणून नाही म्हणायच्या.

शेजारच्या राबियाबी रोज दुपारी गावच्या खबरा घेऊन यायच्या. एकदा कुणाची तरी सोयरीक मोडल्याचा किस्सा ऐन रंगात आला असताना सिंधूताईंचा श्वास अलगद थांबला. राबियाबींच्या ते जरा उशिरानं ध्यानात आलं. त्यांनी डोळे पुसले, मैत्रिणीचा हात हातात घेतला आणि रुसून म्हणाल्या, "पूरा किस्सा तो सुन लेती, सिंधू."