लालीला ज्यातून नेलं ते पोतं

मी मिरचीचं पोतं बोलतोय. शिंका येत असतील तर लांब बसा. गोड बोलायची मला सवय नाही. शिक्षणही नाही. अंगावर व्यापाऱ्याचा शिक्का होता, तेवढीच काय ती अक्षरं, तीही धुऊन गेली.

जन्म तागाचा. कळायला लागलं तेव्हा नंदुरबारच्या मिरची मार्केटात होतो. हमालांनी आकडे खुपसून पाठ फाडली. भरायची वेळ आली की आठवण, रिकामा झालो की लाथ. मग उमाकांत नावाच्या एका माणसाने मला अडगळीसाठी घरी नेलं.

त्याच्या दारात एक कुत्री होती. जन्मभर त्याचं अंगण राखलं तिने. म्हातारी झाली, खरूज लागली, तशी नकोशी झाली. आमच्याकडे कुत्रं टाकायचं तर पोत्यात घालून तोंड बांधून नेतात. रस्ता दिसला नाही की ते परत येत नाही, म्हणे. तिला माझ्यात कोंबली. माझ्या धाग्याधाग्यात मिरची. वाटभर शिंकत होती बिचारी. गावाबाहेर मिरच्या वाळवतात त्या पथारीमागे त्याने आम्हाला ठेवलं आणि गाडीला किक मारली. तो आवाज लांब गेला, तशी ती शिंकायचीही थांबली.

इद्रिस रिक्षावाल्याने सुतळी सोडली. टाकलेली कुत्री उचलायची, बरी करायची, चांगलं घर बघून द्यायची, हा त्याचा उद्योग. लोक हसायचे. हिचे डोळे लालभडक, म्हणून नाव ठेवलं लाली. मला धुतलं आणि रिक्षाच्या सीटखाली घातलं.

त्याची आई जन्नतबी कडक. कुत्रं उंबऱ्याच्या आत नको, हे तिचं ठरलेलं. पण उंबऱ्याबाहेर दुधात कुस्करलेली रोटी तीच ठेवायची, आणि लाली खाईपर्यंत तिथून हलायची नाही. हळूहळू लालीच्या अंगावर केस आले. इद्रिसची रिक्षा गल्लीत वळली की ती शेपटीसकट अख्खी हलायची.

मग कळसाडीहून दोधू पाटील आणि त्यांची गजराबाई आले. गजराबाई म्हणाली, "आमनं कुत्रं मरी गयं, भाऊ. हाई मले दे. पोरनी मायक जपसू."

माणसं खरंच चांगली होती, पोरीसारखं जपणारी. इद्रिसने हो म्हटलं आणि नको तेच डोक्यात घेतलं. त्याने आधी दिलेलं एक कुत्रं परत यायला निघालं होतं, ते हायवेवर ट्रकखाली गेलं. हिचं तसं होऊ नये. हिला रस्ता दिसू नये. म्हणून त्याने सीटखालून मला काढलं.

मला बघून लाली शेपटी हलवायची थांबली. पळाली नाही, चावली नाही. इद्रिसकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून आपणहून आत शिरली. वाटभर तो मागे हात घालून माझ्यावरून तिला थोपटत होता. काय उपयोग? तिला एवढंच कळलं, की ह्यानेही टाकलं.

कळसाडीत माझं तोंड सोडलं तरी ती माझ्यातून उठेना. गजराबाईने भाकरी दिली, दूध दिलं, मांडीवर डोकं घेतलं. लालीने तोंड उघडलं नाही. शेवटी पाचव्या दिवशी इद्रिसला फोन गेला. इद्रिस आला, सोबत फडक्यात रोट्या बांधून जन्नतबी. इद्रिसने हाक मारली. लालीने तोंड फिरवलं.

जन्नतबीने मला बघितलं. हळूच म्हणाली, "इसमें लाया था? बोरे में डालके बेटी को बिदा करते क्या, इद्रिस?"

त्याने फडक्यातली रोटी काढली. खाली बसून तुकडा लालीच्या तोंडाशी धरून राहिला. धरलेलाच होता, तेव्हा ती गेली.

उसाच्या बांधाला खड्डा खणला. दोधू पाटील गुंडाळायला मला घेऊन आले. इद्रिसने मला ओढून फेकलं. जन्नतबीने आपली ओढणी काढून दिली, तिच्यात गुंडाळली लालीला.

तेव्हापासून इथेच बांधावर पडलोय. अर्धा कुजलो, उरलेलं उधई खाते. खाऊ दे. तुम्ही कुणी मला उचलून धुऊन घरी नेऊ नका. न्यायचंच असेल तर मिरची भरा, माती भरा. जीव असलेलं काही भरू नका. चांगल्या घरी न्यायचं असलं, तरी नाही.